थीम पार्कची सहल आणि खाण्यापिण्याचा खर्च: विदर्भातल्या गावांतून निघणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण्याचा खर्च माणशी रोजचा किती धरायचा?

माणशी रोजचा आकडा धरलात की हिशेब हमखास चुकतो. प्रवासाचा दिवस, मुक्कामाचा दिवस आणि पार्कमधला दिवस यांचा खर्च सारखा नसतो. त्यामुळे दिवस मोजू नका, खाण्याच्या वेळा मोजा. घरातून निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंत सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि रात्रीचं जेवण अशा किती वेळा येतात ते कागदावर उतरवा. मग प्रत्येक वेळेपुढे चारपैकी एक शब्द लिहा: शिदोरी, भोजनालय, पार्क किंवा लॉज. दर त्यानंतर लिहायचे.

एवढं केलं की पैसा कुठे जाणार ते लगेच दिसतं. बहुतेक घरांच्या कागदावर पार्कमधला एकच दिवस जवळजवळ निम्मा खर्च खातो.

एखादा पूर्ण हिशेब करून दाखवाल का?

समजा दारव्ह्याकडच्या एका गावातलं पाच जणांचं घर आहे: नवरा-बायको, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि आजी. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी कल्याणला उतरून लोकलने कर्जतमार्गे खोपोली गाठायची, दुसऱ्या दिवशी तिथलं इमॅजिका थीम पार्क आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. खालचे दर रीत समजावी म्हणून धरले आहेत. तुम्ही निघाल तेव्हाचे दर फोन करून विचारा आणि त्या जागी घाला.

गाडीतलं रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता शिदोरीतून. पीठ, तेल, शेंगदाणे, फळं धरून 600 रुपये.

मुक्कामाचा पहिला दिवस: दुपारी 150 रुपयांच्या चार थाळ्या (सहा वर्षांचं लेकरू आईच्या ताटात जेवतं), म्हणजे 600. चारचा चहा-बिस्किटं 100. रात्री पुन्हा चार थाळ्या, 600. एकूण 1300.

पार्कचा दिवस: सकाळी बाहेर पोहे किंवा इडली, माणशी 50 प्रमाणे 250. आत दुपारचं जेवण 350 प्रमाणे चौघांचं 1400. आइस्क्रीम, थंड पेय, मक्याचं कणीस असं वरखर्चाचं 600. रात्री बाहेर थाळी, 600. एकूण 2850.

परतीचा दिवस: नाश्ता 250, जेवण 600, चहा 100, गाडीत खायला बांधून घेतलेली पोळी-भाजी 400. एकूण 1350. दुसऱ्या सकाळी गाडीतला चहा 100.

बेरीज 6200. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे 930 रुपये वरकड. सव्वासात हजार बाजूला काढले की हे घर निर्धास्त निघू शकतं. वरकड कापू नका. गाडी चार तास उशिरा आली तर एक जेवण वाढतं आणि ते हमखास महागाच्या जागी करावं लागतं.

बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेऊ देतात का?

मोठ्या पार्कमध्ये बहुधा नाही. दारावर पिशव्या तपासतात आणि डबा निघाला तर तो बाहेर ठेवायला सांगतात. तान्ह्या बाळाचं खाणं, दुधाची बाटली आणि औषधं यांना साधारणपणे हरकत नसते. मधुमेह असलेल्या माणसासाठी थोडा सुका खाऊ न्यायचा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा आणि आदल्या दिवशी पार्कच्या क्रमांकावर फोन करून विचारा. दारावरच्या माणसाशी वाद घालून काही मिळत नाही. नियम त्याने केलेला नाही आणि त्याच्या हातात सूट नाही.

फोन केलाच तर तीन गोष्टी एका दमात विचारून घ्या. रिकामी बाटली आत चालते का आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत? हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येतं का? डबा ठेवायला लॉकर प्रवेशदाराच्या बाहेर आहे की आत? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लॉकर आत असेल तर डबा दाराबाहेर ठेवायला जागाच उरत नाही.

बाहेर येऊन परत जाता येत असेल तर डबा गाडीत ठेवून दुपारी खाल्ला तर?

हिवाळ्यात कोरडा डबा असेल तर खुशाल. उन्हाळ्यात नको. उन्हात उभ्या, काचा लावलेल्या गाडीत आतला पारा बाहेरच्यापेक्षा खूप वर जातो. शिजवलेल्या अन्नात जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये भराभर वाढतात. भात, दही, पनीर, उकडलेला बटाटा आणि ओलं खोबरं यांना सगळ्यांत जास्त धोका. वास येत नाही म्हणजे अन्न चांगलं आहे असं समजू नका. पोट बिघडवणाऱ्या कित्येक जंतूंचा वासही येत नाही आणि चवही लागत नाही. पार्कचं हजारोंचं तिकीट काढून लेकरू दिवसभर संडासाच्या रांगेत उभं राहिलं तर वाचवलेल्या चारशे रुपयांना काय अर्थ?

मग शिदोरीत काय न्यावं, किती आणि किती दिवस टिकतं?

इथे विदर्भातल्या घरांची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे प्रवासाचं खाणं म्हणूनच रुळलेले पदार्थ आहेत आणि ते बाजारातल्या कुठल्याही पुड्यापेक्षा पोटाला चांगले.

दशमी: कणिक पाण्याऐवजी दुधात मळायची, मोहन घालायचं. एक किलो कणकेच्या साधारण वीस होतात. हिवाळ्यात दोन दिवस टिकतात, मे महिन्यात एकच दिवस धरा. तिखट-मिठाच्या पुऱ्या जास्त टिकतात. अर्धा किलो कणकेच्या पंचवीस-तीस होतात, म्हणजे पाच जणांचं एक जेवण. पीठ घट्ट मळा आणि पुरी तळून कोरडी होऊ द्या. धपाट्यात कांदा किंवा ओला सांबार (कोथिंबीर) घातलात तर ते पहिल्याच जेवणात संपवा.

सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. ही सहलभर टिकते. ठेचा न्यायचा तर मिरची-लसूण तेलात नीट परता आणि वाटताना पाण्याचा थेंब पडू देऊ नका. झुणका कितीही आवडता असला तरी दुसऱ्या दिवसाच्या डब्यात नको. मुरमुऱ्यांचा चिवडा, शंकरपाळे, गुळाच्या चिक्क्या या मधल्या भुकेसाठी. संत्र्याचा हंगाम असेल तर माणशी दोन-तीन संत्री घ्या. सालीमुळे ती पिशवीत खराब होत नाहीत आणि तहानही भागते.

बांधण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. गरम दशम्या डब्यात रचून झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला साचतं, तेच खाली टपकतं आणि सर्वांत वरची दशमी चिकट होते. दुसऱ्या सकाळी बुरशी तिथूनच धरते. म्हणून दशम्या सुती कापडावर एकेक पसरा, दोन्ही बाजूंनी पूर्ण गार होऊ द्या, त्याच कापडात गुंडाळा आणि मगच डब्यात ठेवा. एकच मोठा डबा करू नका. प्रत्येक वेळेचा डबा वेगळा बांधा, म्हणजे रात्री उघडलेल्या डब्यातलं सकाळपर्यंत ओलसर हवेत राहत नाही.

गॅसची शेगडी नेऊन स्वतःच स्वयंपाक केला तर स्वस्त पडेल ना?

रेल्वेत सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल काहीही नेऊ नका. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला केटल लावणंही मना आहे. तो सॉकेट फक्त मोबाइल आणि लॅपटॉपसाठी असतो.

लॉजमध्ये मात्र विजेची केटल कामाची. आधी लॉजवाल्याला विचारा. घरून रवा कोरडा भाजून न्या. त्यात तेलात परतलेली मोहरी, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची आणि मीठ मिसळून ठेवलेलं असू द्या. एक वाटी मिश्रणावर अंदाजे दोन वाट्या उकळतं पाणी ओतून पाच-सात मिनिटं झाकण ठेवलं की उपमा तयार. केटलमध्ये रवा घालायचा नाही, तो तळाला करपतो आणि केटल जाते. पाणी उकळून स्टीलच्या डब्यात ओतायचं.

तीन-चार घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करून जात असतील आणि सोबत स्वयंपाकी असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही स्वयंपाक मुक्कामाच्या जागी, त्यांची परवानगी घेऊन. रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सावलीत शेगडी पेटवायची नाही.

खोलीसोबत नाश्ता घ्यावा की नाश्त्याशिवाय स्वस्त खोली घ्यावी?

दोन्ही दरांतला फरक काढा आणि नाश्ता करणाऱ्या माणसांनी भागा. माणशी 70-80 रुपयांच्या आत पडत असेल तर नाश्त्यासह घ्या, कारण पार्कच्या दिवशी पोटभर नाश्ता झाला की आतलं जेवण एक ताट कमी लागतं. दोन गोष्टी मात्र आधी विचारा. जादा गादी घेतलेल्या माणसाचा नाश्ता धरला आहे का? आणि पोचलेल्या दिवशीचा नाश्ता मिळतो का? सकाळी सातला पोचलात आणि खोलीची वेळ दुपारी बाराची असेल तर त्या दिवशीचा नाश्ता तुमचा नसतो. तो शिदोरीतच मोजा.

तिकिटासोबत जेवणाचं कूपन घ्यावं का?

कूपन स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. तुम्ही जे खाणारच होता त्याची किंमत आधी मांडा, मग तुलना करा. आजीला दुपारी वरण-भात आणि एक पोळी पुरते, सहा वर्षांचं लेकरू अर्धं ताट टाकून देतं. अशा घराने पाचही तिकिटांवर बुफे घेतला तर दोन ताटांचे पैसे वाया जातात. उलट घरात दोन वयात आलेली मुलं असतील तर बुफेच परवडतो.

कूपनवर तीन ओळी शोधा: कोणत्या काउंटरवर चालतं, किती वाजेपर्यंत चालतं आणि उरलेली रक्कम परत मिळते का. साधारणपणे मिळत नाही. बुफे दोन-अडीचला बंद होत असेल आणि तुम्ही तेव्हा झुल्याच्या रांगेत असाल तर ते कूपन कागदच राहतं. मुलांचं तिकीट अनेक पार्कमध्ये वयावर नसून उंचीवर ठरतं, पण जेवणाचा लहान मुलांचा दर वयावर असू शकतो. दोन्ही वेगवेगळं तपासा.

आत रोख पैसे चालतात की मोबाइलवरून द्यावे लागतात?

जागेनुसार बदलतं. काही ठिकाणी, विशेषतः वॉटर पार्कमध्ये, आधी पैसे भरलेलं कार्ड किंवा मनगटाचा पट्टा घ्यावा लागतो. त्यात एकदम दोन हजार टाकू नका, पाचशे-पाचशेने टाका. उरलेले पैसे परत देणाऱ्या खिडकीवर बंद व्हायच्या वेळी लांब रांग लागते. गाडी पकडायची म्हणून लोक शंभर-दीडशे सोडून निघून जातात. शेवटच्या तासाआधीच ते काम उरकून घ्या.

मोबाइलवरून देणार असाल तर यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी 5000 रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि 1000 पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. त्या दिवसासाठी ठरवलेली रक्कम तेवढीच लाइटमध्ये टाका. ती संपली की दिवसाचं बजेट संपलं, हे मोबाइलच सांगतो. गर्दीच्या दिवशी नेटवर्क दगा देतं म्हणून पाचशेची रोकड कोरड्या पाकिटात असू द्या.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकतात. हे चालतं का?

दुकान किंवा स्टॉल बंद बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकू शकत नाही. एकाच मालाच्या एकसारख्या पाकिटावर दोन ठिकाणी दोन छापील किमती टाकायलाही 1 जानेवारी 2018 पासून बंदी आहे. पण डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये बसवून वाढलेल्या बाटलीला हे बंधन लागू होत नाही, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, सेवाही असते. म्हणून खुर्ची-टेबलाच्या हॉटेलात न बसता साध्या स्टॉलवरून घ्या आणि बिल मागा.

बिलावर काय पाहायचं? पदार्थांची बेरीज, त्यावर जीएसटी (साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के) आणि खाली सेवा शुल्काची ओळ आहे का. सेवा शुल्क देणं ग्राहकाच्या इच्छेवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते कायम ठेवले. ओळ दिसली तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा.

पाण्यावर किती खर्च धरायचा?

आत पिण्याचे नळ असतील आणि बाटली नेऊ देत असतील तर जवळपास शून्य. दिवसभर उन्हात फिरणाऱ्या मोठ्या माणसाला तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाच जणांच्या घराला बारा-तेरा लिटर. छापील दराने घेतलं तरी दोन-अडीचशे रुपये होतात, म्हणजे जवळजवळ दोन थाळ्या.

तहान लागली म्हणून थंड पेय घेणं ही सर्वात महागडी सवय. साखरेने तहान भागत नाही, अर्ध्या तासात लेकरू पुन्हा मागतं. मेडिकलमधून ओआरएसच्या चार पुड्या घेऊन ठेवा. एक पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर वाचा. काही एक लिटरच्या असतात, काही 200 मिलीच्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर लहान लेकराला अपायच होतो.

आत जेवायची बरोबर वेळ कोणती?

साडेअकरा किंवा अडीचनंतर. साडेबारा ते दोन या वेळात रांगेत जाणारा पाऊण तास हा तुमच्या तिकिटाचाच पैसा आहे. भुकेली मुलं त्या रांगेत उभी राहिली की समोर दिसेल ते मागतात आणि आई-वडील शांततेसाठी घेऊन देतात. बजेट मोडतं ते इथेच.

आम्ही साडेअकराचं जेवण सुचवतो, पण हलकं. जेवणानंतर तासभर जोरात फिरणाऱ्या किंवा उलटं लटकवणाऱ्या झुल्यांवर बसू नका. तेवढ्या वेळात सावलीतले कार्यक्रम पाहून घ्या.

मुलांचा हट्ट कसा आवरायचा?

घरून निघतानाच प्रत्येक मुलाला ठरावीक रक्कम सांगा, समजा दीडशे रुपये. त्यात काय घ्यायचं ते त्याने ठरवायचं, पण दुपारच्या जेवणानंतरच. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात पैसे द्या आणि हिशेबही तिलाच लिहायला सांगा. मुलं स्वतःचे पैसे जपून खर्च करतात.

उपवास असेल तर?

पार्कमध्ये साबुदाण्याची उसळ मिळेल या भरवशावर राहू नका. तारीख ठरवतानाच कॅलेंडर पाहा. एकादशी, श्रावणी सोमवार आणि घरात गजानन महाराजांचा गुरुवार पाळत असतील तर गुरुवार टाळा. टाळता येत नसेल तर सकाळी निघताना पोटभर फराळ करा आणि आत केळी, ताक, फळांचा रस यांवर भागवा.

आम्ही हैदराबादला जातोय. काही वेगळं लक्षात ठेवायचं का?

पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मलमार्गे गाडीने जाणाऱ्यांनी पहिलं जेवण शिदोरीतून आणि दुसरं निर्मलच्या आसपास धरावं. तेलंगणातल्या मील्समध्ये (तिथल्या थाळीत) भात भरपूर आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा वाढतात, पण पोळी मोजकीच आणि वेगळ्या पैशाची. घरात पोळी-भाकरीशिवाय न जेवणारं माणूस असेल तर त्याच्यासाठी दशम्या जास्तीच्या घ्या. तिथली लोणची आणि चटण्या आपल्या ठेच्यालाही भारी पडतात. मुलांना आधी दही-भात द्या.

समृद्धी महामार्गाने गेलो तर वाटेत खायला मिळतं का?

जुन्या रस्त्यासारखे पावलोपावली ढाबे तिथे नाहीत. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, पण खाण्याच्या सोयी अजून तुरळक आहेत. स्वस्त जेवायचं तर इंटरचेंजवरून उतरून मेहकर किंवा जालन्यात जावं लागतं आणि त्यात पाऊण-एक तास जातो. माणशी दोन लिटर पाणी आणि एका जेवणाचा डबा असल्याशिवाय चढू नका.

रेल्वेत स्वस्त काय मिळतं?

मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यांच्या समोर 20 रुपयांचं पुरी-भाजीचं इकॉनॉमी मील ठेवलेलं असतं. सगळ्या स्टेशनांवर नसतं, म्हणून त्याच्या भरवशावर निघू नका. परतीत शेगावला उतरणार असाल तर संस्थानचा महाप्रसाद विनामूल्य आहे. तो प्रसाद म्हणून घ्या आणि यथाशक्ती दानपेटीत टाका. बजेटमध्ये त्या वेळेला शून्य लिहू नका.

सहल कधी काढली तर खाण्याचा खर्च आटोक्यात राहतो?

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत लॉज, भोजनालय सगळ्यांचे दर चढलेले असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पुण्या-मुंबईच्या शाळा सुरू झाल्यानंतरचे ते आठ-दहा दिवस आपल्या मुलांना मोकळे असतात. तेव्हा शनिवार-रविवार टाळला तर गर्दी कमी, जेवणाच्या रांगा लहान आणि खोलीच्या दरात घासाघीस होते. कोकणपट्टीत पाऊस सुरू झालेला असतो, त्यामुळे काही झुले बंद राहतात हे मात्र लक्षात घ्या.

शेतकरी घरांना जून अवघड. तोच पेरणीचा काळ आणि हाती असलेला पैसा बियाण्या-खताचा. त्या पैशाला सहलीसाठी हात लावू नका. सोयाबीन विकल्यावर किंवा कापसाचा पहिला वेचा गेल्यावर सहलीच्या खाण्याची रक्कम वेगळी काढून बचत गटात किंवा पोस्टात टाका. दिवाळीनंतर शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन दिवस हाती असतील तर शेतकरी घराला तेच सोयीचे.